अनंतकोटी ब्रह्मांडे आणि एक पाणवठा



गोव्यातील केरी या छोट्याशा गावी १८९२ मध्ये एका कन्येचा जन्म झाला. अल्लादियाखाँसाहेबांच्या कठोर तालमीत तिचा स्वर घडला आणि पुढे सुरश्री केसरबाई केरकर या नावाने तो अवघ्या भारताला परिचित झाला. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये केसरबाई मुंबईत निवर्तल्या. त्यापूर्वी अवघे अकरा दिवस, ५ सप्टेंबर रोजी, अमेरिकेने ‘व्हॉयेजर-१’ हे यान अवकाशात सोडले होते. त्या यानात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ध्वनिमुद्रिका आहे. पृथ्वीवरील निवडक संगीतात भारताच्या वाट्याला एकच स्थान आले, आणि ते केसरबाईंच्या भैरवीतील ‘जात कहाँ हो’ या साडेतीन मिनिटांच्या गायनाला मिळाले. त्याच ध्वनिमुद्रिकेत पंचावन्न भाषांतून अज्ञात श्रोत्याला अभिवादन केलेले आहे. त्यात मराठीही आहे.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये हे यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडून आंतरतारकीय अवकाशात शिरले. आज ते इतके दूर गेले आहे की, त्याने पाठविलेला संदेश प्रकाशाच्या वेगानेही आपल्यापर्यंत पोहोचावयास जवळजवळ एक संपूर्ण दिवस लागतो. भैरवी ही मैफलीच्या अखेरीस गाण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु ही भैरवी अशा मैफलीकडे निघाली आहे, जिथे श्रोता आहे की नाही, हेच कोणास ठाऊक नाही.

तो श्रोता असेल तर? पृथ्वीबाहेर विचार करणारा, जाणीव असणारा कोणी असेल, तर मनुष्याच्या धर्मश्रद्धेचे काय होईल? आजच्या व्याख्यानाचा विषय हा आहे. वरवर पाहता तो चित्रपटातील उडत्या तबकड्यांचा, मनोरंजनाचा विषय वाटतो. वास्तविक तो आपल्या दाराशी, आपल्या गावच्या पाणवठ्याशी येऊन थांबणारा विषय आहे.

विज्ञान कोठवर आले आहे?

प्रथम वस्तुस्थिती समजून घेतली पाहिजे. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक या शास्त्रज्ञाने अमेरिकेतील ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बीण सुमारे अकरा प्रकाशवर्षे अंतरावरील दोन ताऱ्यांकडे वळवून कृत्रिम संदेश ऐकू येतो का, याचा पद्धतशीर शोध सुरू केला. १९७४ मध्ये अरेसिबो येथील प्रचंड दुर्बिणीतून सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका तारकागुच्छाकडे मानवाने आपला संदेशही धाडला. त्याचे उत्तर यावयाचे झाले, तरी ते पन्नास हजार वर्षांनी येईल.

१९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी शोधला. या कार्यासाठी त्यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक लाभले. २०२५ मध्ये अशा निश्चित झालेल्या ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. आपल्या आकाशगंगेतच शंभर ते चारशे अब्ज तारे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे हा शोध नुकताच कोठे उंबरठ्यावर आला आहे, याची कल्पना येते.

भारतही या शोधात मागे राहिलेला नाही. हैदराबाद येथून सोडलेल्या बलूनच्या साहाय्याने वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा करण्याचे प्रयोग २००१ व २००५ मध्ये झाले. डॉ. जयंत नारळीकर या प्रयोगांचे एक प्रमुख प्रेरक होते. २००५ च्या नमुन्यांत तीन नव्या जिवाणू-प्रजाती आढळल्याचे २००९ मध्ये ‘इस्रो’ने घोषित केले, आणि त्यांपैकी एकीला आर्यभटाचे नाव देण्यात आले. मात्र हे जिवाणू पृथ्वीबाहेरूनच आले, असे यावरून सिद्ध होत नाही, हेही ‘इस्रो’ने त्याच वेळी स्पष्ट केले. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतीय वंशाचे निक्कू मधुसूदन यांच्या नेतृत्वाखालील केंब्रिजच्या गटाने १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ग्रहाच्या वातावरणात जीवसृष्टीशी निगडित असू शकणाऱ्या वायूचे संकेत मिळाल्याचे सांगितले. अन्य शास्त्रज्ञांनी त्यावर गंभीर शंका घेतल्या. तात्पर्य, आजच्या घडीला पृथ्वीबाहेर साधा जिवाणूही निश्चितपणे सापडलेला नाही, मग बुद्धिमान प्राणी तर दूरच. परंतु प्रश्न खरा आहे, आणि तो विचारणारी माणसे गंभीर आहेत.

पश्चिमेपुढील पेच

या प्रश्नाने ख्रिस्ती धर्मचिंतनाला अनेक शतके अस्वस्थ केले आहे. जिओर्दानो ब्रूनोला १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये जिवंत जाळण्यात आले. त्याच्यावरील आरोप अनेक होते, परंतु विश्वात अगणित जगे आहेत, हे त्याचे मत त्यांपैकी एक होते. तथापि इतिहास एकांगी सांगू नये. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने ज्या २१९ मतांचा निषेध केला, त्यात ‘ईश्वर अनेक जगे निर्माण करू शकत नाही’ हेही एक मत होते. म्हणजे ईश्वराच्या सामर्थ्याला मर्यादा घालणे हेच तेव्हा पाखंड ठरविले गेले होते.

खरा पेच दुसराच आहे. आदामाच्या पापातून मनुष्यजातीची सुटका करण्यासाठी ईश्वराचा एकुलता एक पुत्र इतिहासात एकदाच, एकाच स्थळी देह धारण करून आला, ही त्या श्रद्धेची आधारशिला आहे. मग अन्य ग्रहांवरील जीवांचे काय? ते आदामाचे वंशज नव्हेत. त्यांना ते पाप लागते का? पंधराव्या शतकात विल्यम व्होरिलाँग या फ्रान्सिस्कन पंडिताने याचा विचार केला होता. येथील एका बलिदानाने अन्य जगांचाही उद्धार होऊ शकेल, असे त्याचे उत्तर होते. १७९४ मध्ये थॉमस पेनने मात्र अनेक जगांवरील विश्वास आणि ही उद्धारकथा एकाच मनात नांदू शकत नाहीत, असे रोखठोक मत मांडले. २००८ मध्ये व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तत्कालीन संचालक फादर फ्युनेस यांनी परग्रहवासी हाही आपला बंधूच होय, अशी उदार भूमिका घेतली. त्याच वेधशाळेतील ब्रदर गाय कॉन्सोल्मान्यो यांना परग्रहवासीयाला बाप्तिस्मा देणार का, असे विचारले गेले, तेव्हा त्याने स्वतः मागितला तरच, असे त्यांनी सांगितले. हे औचित्य पृथ्वीवरील वनवासी पाड्यांतही पाळले जावे, अशी अपेक्षा कोणी केली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.

हिंदू दृष्टी

आपल्या परंपरेत हा पेच या रूपाने उद्भवत नाही. ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ हे संबोधन महाराष्ट्रातील सामान्य भाविकाच्याही ओठांवर असते. भागवताच्या दशम स्कंधात ब्रह्मदेव श्रीकृष्णाची स्तुती करतो, तेव्हा गवाक्षातून येणाऱ्या किरणांत धूलिकण तरंगावेत, तशी अगणित ब्रह्मांडे परमात्म्याच्या रोमरंध्रांतून ये-जा करीत असल्याचे वर्णन येते. ब्रह्मवैवर्त पुराणातील कथा तर विलक्षण आहे. आपल्या वैभवाने फुगलेला इंद्र विश्वकर्म्याकडून अधिकाधिक भव्य प्रासाद बांधवून घेत असतो. एक बालक तेथे येते आणि जमिनीवरून चाललेली मुंग्यांची रांग पाहून हसू लागते. कारण विचारता ते सांगते की, यातील प्रत्येक मुंगी पूर्वी कधीतरी इंद्र होती. ब्रह्मांडे किती आणि त्यांतील इंद्र किती, याची गणती कोण करणार? इंद्राचा गर्व तेथेच गळून पडतो.

काळाच्या बाबतीतही हीच भव्यता आहे. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४ अब्ज ३२ कोटी वर्षांचा मानला गेला. प्राचीन परंपरांपैकी हिंदू परंपरेच्या कालगणनेचे प्रमाण आधुनिक विश्वशास्त्राच्या प्रमाणाशी जुळते, याची दखल कार्ल सेगन यांनीही घेतली होती. बौद्धांच्या सहस्र लोकधातू, जैनांची असंख्य द्वीपे आणि चार गतींतून भ्रमण करणारे जीव, या सर्व कल्पना एकाच भूमीत रुजल्या. मनुष्य हा सृष्टीचा एकमेव वारस आहे, असे या भूमीने कधी मानले नाही. यक्ष, गंधर्व, नाग, किन्नर अशा मनुष्येतर पण विचारी योनींनी आपले कथाविश्व गजबजलेले आहे. उद्या कोणी परग्रहवासी अवतरला, तर त्याला पाहून भारतीय आजीबाई फारशा गोंधळून जातील, असे वाटत नाही.

मोहापासून सावध

येथेच एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. हे सर्व ऐकून मान डोलावणारा श्रोता पुढचे पाऊल चटकन टाकतो आणि म्हणतो, ‘म्हणजे आपल्या ऋषींना सर्व ठाऊकच होते!’ असे म्हणणे ऋषींवरही अन्याय करणारे आणि विज्ञानावरही. धूलिकणांचे रूपक ही ईश्वराच्या अनंततेची अनुभूती आहे. ती दुर्बिणीने केलेली नोंद नव्हे. कल्पाची संख्या पृथ्वीच्या सुमारे साडेचार अब्ज वर्षांच्या वयाजवळ जाते, हा विचारांच्या झेपेचा गौरव आहे, पण गणिताने दिलेला पुरावा नाही.

‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचे उदाहरण बोलके आहे. तो भारद्वाज ऋषींचा म्हणून प्रसिद्ध झाला. परंतु बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्याची चिकित्सा केली, तेव्हा तो विसाव्या शतकातील असून त्यातील विमाने उडणे शक्य नाही, असा निष्कर्ष निघाला. या अभ्यासकांनी परंपरेचा द्रोह केला का? मुळीच नाही. उलट सत्यनिष्ठेची जी परंपरा आपण सांगतो, तीच त्यांनी पाळली. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मांडले, ते निरीक्षण आणि गणित यांच्या बळावर. त्याचे खरे वारसदार निरीक्षण आणि गणित करणारेच असतील. खोट्या अलंकारांनी मातेचे सौंदर्य वाढत नसते. ते उघडे पडले की लोक खऱ्या सोन्याकडेही संशयाने पाहू लागतात. शाखेत, शाळेत, घरात मुलांशी बोलताना हा विवेक कार्यकर्त्याने कटाक्षाने पाळावयास हवा.

आपल्यापुढील खरे प्रश्न

मग हिंदू श्रद्धेपुढे काहीच प्रश्न नाहीत का? आहेत, आणि ते टाळता कामा नयेत.

पहिला प्रश्न नरजन्माचा. चौऱ्याऐंशी लक्ष योनींत मनुष्यजन्म दुर्लभ, कारण मोक्षाचा अधिकार त्यालाच, असे शास्त्रे आणि संत एकमुखाने सांगतात. अन्य ग्रहांवर विचारी जीव असतील, तर या दुर्लभतेचे काय? दुसरा प्रश्न कर्मभूमीचा. विष्णुपुराणाने भारतवर्षाला कर्मभूमी म्हटले आणि देवांनाही येथे जन्म घ्यावासा वाटतो, असे गौरविले. कोट्यवधी ग्रह असताना ही भूमी विशेष कशी?

पहिल्याचे उत्तर मनुष्यत्वाच्या व्याख्येत आहे. शास्त्रांनी मनुष्याचे महत्त्व त्याच्या दोन हातांवरून किंवा दोन डोळ्यांवरून ठरविले नाही. ते विवेकावरून आणि कर्मस्वातंत्र्यावरून ठरविले. श्रेय काय आणि प्रेय काय, हे ओळखून निवड करण्याची शक्ती ज्या देहात आहे, तो देह मोक्षाचा अधिकारी. अशी शक्ती कोणत्या दूरस्थ ग्रहावर कोणत्याही आकारात प्रकटली, तरी तो नरदेहच म्हणावा लागेल. अवताराविषयीही हेच म्हणता येईल. धर्माला ग्लानी येईल तेव्हा पुनःपुन्हा जन्म घेण्याचे अभिवचन गीतेत आहे, आणि मत्स्य, कूर्म, वराह अशा देहांत अवतरणाऱ्याला परग्रहावरील देहाचे काय वावडे असणार?

दुसऱ्याचे उत्तर प्रत्येक घरात मिळते. एखादा मुलगा आपल्या आईला सर्वश्रेष्ठ मानतो, ते जगात दुसऱ्या माता नाहीत म्हणून नव्हे. तिने त्याला वाढविले आणि त्याच्या कर्तव्याचा आरंभ तिच्यापासून होतो, म्हणून. १४ फेब्रुवारी १९९० रोजी सुमारे सहा अब्ज किलोमीटर अंतरावरून व्हॉयेजर-१ ने पृथ्वीचे छायाचित्र घेतले. त्यात आपला ग्रह एका फिकट निळ्या ठिपक्याएवढा दिसतो. ते पाहून देश, सीमा, राष्ट्राभिमान हे सारे क्षुद्र आहे, असे अनेकांनी म्हटले. परंतु क्षुद्र असतो तो अहंकार, कर्तव्य नव्हे. १९६५ च्या एप्रिलमध्ये मुंबईत पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शनावर चार व्याख्याने दिली. व्यष्टी, समष्टी, सृष्टी आणि परमेष्ठी ही एकमेकांपासून तुटलेली वर्तुळे नसून एकातून दुसऱ्यात उमलत जाणारे अखंड मंडल आहे, असे ते दर्शन सांगते. या मंडलात विश्व कितीही विस्तारले, तरी कुटुंब आणि राष्ट्र गळून पडत नाहीत. ज्याला आपल्या गल्लीतील माणूस आपला वाटत नाही, त्याने ताऱ्यांपलीकडील जीवाला बंधू म्हणणे ही केवळ वाणीची विलासिता होय.

पैठणचा वाळवंट आणि महाडचे तळे

या वाक्यापाशी हा विषय आकाशातून जमिनीवर उतरतो.

मनुष्येतर जीवात चैतन्य आहे का, याचे उत्तर महाराष्ट्राने अनेक शतकांपूर्वी पैठणच्या गोदाकाठी दिले आहे. संतचरित्रे सांगतात की, ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखी वेद बोलविले. नामदेवराय पोळी पळविणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावले, कारण कोरडी पोळी देवाच्या घशात अडकेल, ही त्यांची चिंता होती. एकनाथ महाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली काशीच्या गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी केली आणि रामेश्वराला येथेच अभिषेक घडला, असे मानले. याच नाथांनी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे लेकरू उचलून कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोहोचविले.

ज्या समाजाला हे उत्तर ठाऊक होते, त्याच समाजाने काय केले? गाढवाला गंगोदक पाजणाऱ्या संताच्या महाराष्ट्रात २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो माणसांना. आणि ती माणसे पाणी प्यायली म्हणून नंतर त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले.

ब्रह्मांडाच्या कणाकणांत परमात्मा पाहणारे तत्त्वज्ञान आणि शेजाऱ्याच्या ओंजळीला विटणारा व्यवहार, ही दोन्ही एकाच समाजात शतकानुशतके सुखाने नांदली. अगणित जगांच्या शोधापुढे आपली श्रद्धा डळमळणार नाही, याचा अभिमान बाळगताना ही लाज विसरता येणार नाही. १९७४ च्या मे महिन्यात पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. त्याला पन्नास वर्षे उलटून गेली. तरीही एखाद्या गावात स्मशान वेगळे आहे, एखाद्या वस्तीची पाण्याची टाकी वेगळी आहे, एखाद्या शहरी सोसायटीत घर भाड्याने देताना आडनाव विचारले जाते. हे कानावर येते, तेव्हा आपले ब्रह्मांडज्ञान कोठे जाते?

पश्चिमेपुढील प्रश्न सिद्धान्ताचा आहे. त्यांच्या पंडितांना आपले शास्त्र विश्वाएवढे रुंद करावे लागत आहे. आपले शास्त्र आधीच विश्वाएवढे रुंद आहे, आपल्याला रुंद करावयाचा आहे तो उंबरठा. हे काम दुर्बिणीने होणारे नाही. ते घरातील आईने, शाळेतील शिक्षकाने आणि वस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्याने करावयाचे आहे.

नारायणगावजवळ खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस महाकाय थाळ्या आकाशाकडे कान लावून उभ्या आहेत. सुटीत मुलांना घेऊन तेथे अवश्य जावे. विश्व किती अफाट आहे, हे त्यांनी डोळे भरून पाहावे, आणि शास्त्रज्ञ होण्याचे स्वप्न उराशी बाळगूनच परतावे. मात्र परतीच्या वाटेवर त्यांच्याशी पैठणच्या त्या कावडीविषयीही बोलावे, आणि महाडच्या तळ्याविषयीही.

केसरबाईंचा स्वर अंधारातून पुढे पुढे चालला आहे. तो ऐकणारा कधी भेटेल की नाही, कोण जाणे. परंतु त्या ध्वनिमुद्रिकेतील मराठी अभिवादन पृथ्वीवरील लोकांच्या वतीने शुभेच्छा देते. त्या ‘लोक’ शब्दातून आपल्या गावातील एकही माणूस वगळलेला नाही, अशी स्थिती आपण या पृथ्वीवर निर्माण केली, तरच दूरच्या त्या अज्ञात श्रोत्याला दिलेला आपला नमस्कार खरा ठरेल.